न खाई भोगी

आजारपणातला सर्वांत अवघड काळ कोणता, असे कोणी विचारले तर मी सांगेन, बरे होण्याचा. अंगात ताप असतो तेव्हा माणूस मोठा विरक्त असतो. पुढ्यात पंचपक्वान्नांचे ताट ठेवले तरी तो भिंतीकडे तोंड फिरवतो. खरी परीक्षा ताप उतरल्यावर. जिभेवरचा पांढरा थर जातो, तोंडाला चव येते आणि नेमके त्याच दिवशी डॉक्टर बजावतात, "आता पथ्य सांभाळा."

गेल्या डिसेंबरात मला टायफॉईड झाला. त्याआधी दोन आठवडे एका मित्राच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. हुरडा बिचारा निर्दोष. माझा संशय विहिरीच्या पाण्यावर आहे. आठवडाभर ताप रोज थोडा वर चढत गेला. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडला, इस्पितळात शिरेतून इंजेक्शने झाली आणि पाच-सहा दिवसांनी ताप उतरला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "उपाशी मुळीच राहू नका. भरपूर खा, पण मऊ खा. तळलेलं, तिखट, कच्चं, कोंड्यासालीचं काही दिवस नको."

मऊ खाण्यात मुगाचे वरण, आसट भात, उकडलेला बटाटा, केळे आणि रव्याची खीर एवढी मंडळी होती. पहिले तीन दिवस गोड लागली. चौथ्या दिवशी मला त्यांची तोंडे बघवेनात.

त्यात महिना जानेवारीचा. पुण्याच्या मंडईत या दिवसांत काय नसते? पावट्याच्या शेंगा, ओला हरभरा, लाल गाजरे, बोरे, काटेरी देठांची जांभळी वांगी. आमच्या शेजारी बाजरीची भाकरी भाजली जाऊ लागली, की तिचा खरपूस वास गॅलरीतून थेट माझ्या कॉटपाशी येऊन बसे. मी वर्तमानपत्र उघडले, की नजर नेमकी पाककृतीच्या चौकटीवर पडे. साठी उलटलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस गुळपोळीच्या वर्णनाने कासावीस झालेला पाहून बायकोला हसू आवरेना.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली. त्यातली बरीचशी कर्ज विभागात. "साहेब, एवढ्या वेळी बघा," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. आता तेच वाक्य माझी जीभ मला ऐकवू लागली. अर्ज एक फेटाळला, की ती रक्कम कमी करून दुसरा दाखल करी. आख्खी भाकरी नको, अर्धी चालेल. अर्धी नको, चतकोर. अट्टल कर्जदारही इतका चिवट नसतो.

भोगीच्या दिवशी हा अर्ज मंजूर व्हायच्या बेतात आला. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण माझ्या बाजूने होतीच. बायकोने नैवेद्यापुरती एकच भाकरी केली होती. तीळ लावलेली, शेजारी मिसळ भाजी आणि लोण्याचा गोळा. नैवेद्य दाखवून ती भाजी आणायला बाहेर पडली. मी भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेलो, झाकण उचलले आणि भाकरीचा चतकोर मोडला. हात तोंडाशी नेला आणि आजी आठवली.

साताऱ्याकडच्या आमच्या गावी भोगीला आजी पहाटेपासून भाकरी थापायला बसे. सगळ्यांना तव्यावरची गरम वाढी आणि स्वतः मात्र भात खाई. आम्ही पोरे तिच्याभोवती नाचत ओरडायचो, "न खाई भोगी, आजी सदा रोगी!" ती हसायची आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची.

त्यामागचे कारण वडिलांनी मला १९८३ मध्ये, आजीचे दिवस झाल्यावर सांगितले. वडिलांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना मुदतीच्या तापाने आजारी पडला. ते साल १९४७. भोगीपर्यंत तीन आठवडे होत आले होते आणि ताप उतरू लागला होता. पेजेला विटलेल्या पोराने भाकरीचा हट्ट धरला. वैद्यांनी बजावले होते. पण आजीला राहवेना. तिने लोणी लावून चतकोर भरवला. दुसऱ्या दिवशी पोट दुखू लागले, फुगले. तिसऱ्या दिवशी तो गेला. आजीने ते कधी बोलून दाखवले नाही. छत्तीस वर्षे भोगीला भात खाल्ला, एवढेच. आणि आम्ही तिला ती म्हण ऐकवत होतो.

चतकोर हातात धरून मी तसाच स्टुलावर बसलो. बायको परत आली. तिने माझ्याकडे पाहिले, हातातला तुकडा काढून घेतला, पण बोलली काहीच नाही. जेवायला बसलो तेव्हा तिच्याही ताटात आसट भात होता.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना काकाची हकीकत सांगितली. त्यांनी कागदावर आतडे काढून दाखवले. या तापात लहान आतड्यातल्या काही ग्रंथी सुजतात, तिथे जखमा होतात, भिंत पातळ होते. बहुधा तिसऱ्या आठवड्यात ती एखाद्या जागी फाटते. यावर लागू पडणारे क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉईडच्या रोग्यांना पहिल्यांदा १९४८ मध्ये दिले गेले. "आतडं फाटतं ते आजारानं," डॉक्टर म्हणाले. "पथ्य आपण पोटाला त्रास नको म्हणून सांगतो. पण त्या चतकोरानं मुलगा गेला, असं मी म्हणणार नाही. पेजेवर ठेवूनही तो गेला असता."

हे वाक्य ऐकायला आजी हवी होती. आता टायफॉईडची नवी लस निघाली आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने हजारो मुलांना ती दिली. आजीपर्यंत मात्र साधे एक वाक्यही वेळेवर पोचले नाही. त्या दिवशी माझा हात अडला तो आतड्याच्या भीतीने नव्हे. माझे काही बरेवाईट झाले असते, तर नैवेद्याची ती भाकरी करणाऱ्या बाईने पुढची सगळी वर्षे भोगीला भात खाल्ला असता.

रथसप्तमीच्या सुमारास पथ्य संपले. बायकोने तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या, वांगे-पावट्याची भाजी केली. "भोगी होऊन गेली, तरी चालेल ना?" तिने विचारले. मी भाकरी मोडली, लोणी लावले आणि पहिला चतकोर ताटाबाहेर काढून ठेवला. तो कुणाचा, हे तिने विचारले नाही. आम्ही दोघे जेवायला लागलो.