पाणपोईपासून पाणपोईपर्यंत

श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाला रेल्वेच्या दप्तरात आजही ‘बेलापूर’ असेच नाव आहे, आणि या एका विसंगतीपायी भलत्याच ठिकाणी उतरलेला किंवा उतरायचे सोडून पुढे गेलेला पाहुणा आमच्या लहानपणी वर्षाकाठी एखादा तरी निघे. दौंड-मनमाड मार्गावरच्या या स्थानकाबाहेर तेव्हा भाड्याच्या सायकली मिळत. पाहुणा वहीत नाव लिही, तासाचा दर विचारी, ब्रेक दाबून पाही आणि हरेगाव नाहीतर टिळकनगरच्या वाटेला लागे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या डाव्या कालव्याने या कोरड्या मुलखात ऊस आणि मोसंबी आणली, साखर कारखाने उभे राहिले आणि त्या कारखान्यांच्या पाळीवर जाणाऱ्या कामगारांनी सायकल आणली. भोंगा झाला की हँडलला भाकरीचे फडके बांधलेल्या सायकलींची रांग रस्त्याने जाई. सायकलीला नगरपालिकेचा वार्षिक बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि ‘डबलसीट’ सापडल्यास दंडाची पावती फाटे. सारांश, सायकल हे आमच्याकडे क्रीडेचे नव्हे, चाकरीचे वाहन होते. तिच्यावर बसून कोणी परोपकारार्थ हजारो कोस जाईल ही कल्पना त्या रांगेतल्या कोणालाही हास्यास्पद वाटली असती.

आणि तरीही असे लोक गेले, आपल्या महाराष्ट्रातूनच गेले. विलायतेत या प्रकाराला आता एक ठराविक साचा आला आहे: स्वार मैल कापतो, त्याचे स्नेही मैलागणिक वर्गणी देतात, आणि जमलेला निधी एखाद्या रुग्णालयाला किंवा अनाथाश्रमाला जातो. हा हिशेब चोख आहे, परंतु त्यात एक गोष्ट धरलेली नसते. परक्या उष्ण मुलखात सायकलीवर निघालेला मनुष्य कोणाला काही देण्याच्या कितीतरी आधी स्वतःच याचक झालेला असतो; त्याला पाणी मागावे लागते.

उन्हाचे गणित येथे थोडे सांगितले पाहिजे. हवा शरीराच्या त्वचेपेक्षा थंड असते तोवर सायकलस्वाराला वेगाने निर्माण होणारा वारा सुखद वाटतो. परंतु पारा चाळीसच्या वर गेला की तोच वारा भट्टीच्या तोंडासारखा अंगावर येतो आणि शरीराला थंड राखण्याचा एकच उपाय शिल्लक राहतो, तो म्हणजे घाम. अशा हवेत पायडल मारणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठ जाते. म्हणून नुसते पाणी ढोसत राहणाऱ्याला गरगरते, पोटऱ्यांत गोळे येतात. चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा त्याला जास्त उपयोगी पडतो. मौज अशी की चालत्या सायकलीवर घाम जाणवतच नाही, तो उडून जातो. स्वार थांबला की मात्र क्षणार्धात सदरा भिजून चिंब होतो आणि पाहणाऱ्याला वाटते, हा आत्ताच दमला. सायकलीचेही हाल असतात. सकाळी गच्च भरलेल्या ट्यूबमधली हवा दुपारच्या डांबरावर फुगते. जुने मेस्त्री वैशाखात पंपाचे चार दांडे कमीच मारीत. सोल्युशन लावून बसवलेले ठिगळ उन्हाने मऊ होऊन सुटते. शिवाय सराटे आहेतच. नेवाशाच्या बाजूला जाताना एका दुपारी माझ्या मागच्या चाकातून मी एकामागून एक सात सराटे उपटले. आठवा टायरात मोडून राहिला होता तो हाताला लागला नाही, आणि त्यानेच पुढल्या कोसावर घात केला.

या साऱ्याची कसलीही तयारी नसताना १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोंचा आणि नरिमान कापडिया ही त्यांची नावे. सारेच वेटलिफ्टिंगच्या आखाड्यातले. युरोपातून पायी हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान त्यांनी काही वर्षांपूर्वी मुंबईच्या मैदानावर ऐकले होते आणि त्याने त्यांच्या डोक्यात हा किडा सोडला होता. पंजाब, बलुचिस्तान, इराण, मग मेसोपोटेमियाचे वाळवंट, पुढे सिनाई अशी त्यांची आरंभीची वाट होती, म्हणजे जगातल्या तप्त प्रदेशांपैकी बरेचसे त्यांनी पहिल्याच खेपेस अंगावर घेतले. साठ अंशांची उष्णता सोसल्याची नोंद त्यांच्या वृत्तांतात आहे. तो आकडा सावलीतला असणे शक्य नाही, पण भर उन्हात ठेवलेल्या तापमापकाने तेवढा दाखवला असेल तर नवल नाही, आणि स्वार तरी कुठे सावलीत होते? कित्येक दिवस अन्नावाचून गेले, काही पाण्यावाचून. कापडिया घरच्या कारणाने तेहरानहून परतले, पोंचाही पुढे माघारी वळले, हाथीराम अमेरिकेतच राहिले. उरलेले तिघे ७१ हजार किलोमीटर तुडवून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोचले. त्यांच्या मागोमाग, १९२४ साली, फ्रामरोझ दावर एकटे निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव श्तावयानिक हा जोडीदार मिळाला आणि त्या दोघांनी सहारा ओलांडले. तिसरी टोळी १९३३ ला निघाली ती १९४२ ला परतली.

या पारशी मंडळींनी कोणत्याही संस्थेसाठी निधी जमवला नव्हता, तेव्हा त्यांना येथे का आणले असे कोणी विचारील. मला त्यांच्या प्रवासातली एक बाजू मोलाची वाटते. सायकल फार काही वाहून नेऊ शकत नाही. घोड्यावर, उंटावर, मोटारीत मनुष्य आपला संसार बरोबर घेतो आणि परक्या मुलखातही आपल्याच घरात बसून राहतो. सायकलस्वाराला दर मुक्कामी दुसऱ्याच्या दाराशी जावे लागते, भाषा येत नसताना. खेड्यातल्या माणसाला असा अतिथी पारखायला फार वेळ लागत नाही, कारण जो दमलेला आहे, धुळीने माखलेला आहे आणि ज्याच्यापाशी लुटण्याजोगे काही नाही त्याची भीती कोणाला वाटावी?

नेमकी हीच गोष्ट साठ वर्षांनी एका वेगळ्या माणसाने ओळखली. १९८५ साल होते. पंजाब धुमसत होता, आदल्याच वर्षी इंदिरा गांधींची हत्या आणि त्यामागोमाग दिल्लीतले शिरकाण झाले होते, आणि वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी सारे आयुष्य वेचलेले बाबा आमटे, ज्यांना त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ‘भारत जोडो’ची हाक देत होते. डिसेंबरात कन्याकुमारीहून शंभराहून अधिक युवक-युवतींची सायकल यात्रा निघाली ती पाच हजार किलोमीटरांहून जास्त वाट तुडवून १९८६ च्या एप्रिलात काश्मीरच्या अंगाला पोचली. पुढे १९८८ साली दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्याकडे निघाली. ती तर पहिलीहून लांब. बाबांचे वय पहिल्या यात्रेच्या वेळी एकाहत्तर होते आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणे अशक्य झालेले होते. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, मधली स्थिती शरीराला ठाऊकच नाही. वाहनात आडवे पडून ते यात्रेबरोबर गेले. सायकलीवर बसणे दूरच, खुर्चीवरही बसू न शकणाऱ्या मनुष्याने देशभर सायकली फिरवाव्यात, यातला विरोधाभास त्यांच्या विनोदबुद्धीला खचितच आवडला असेल.

बाबांचे दानाविषयीचे मत प्रसिद्ध आहे. दान माणसाला खचवते, श्रम त्याला उभे करतात, या पायावर आनंदवन उभारले गेले. ज्यांची बोटे झडली त्या हातांनी तेथे विहिरी खणल्या आणि शेते पिकवली. यात्रेच्या घोषणेचा आशयही हाच होता: हात निर्मितीसाठी आहेत, मारण्यासाठी नाहीत आणि मागण्यासाठीही नाहीत. म्हणजे विलायती साच्यातल्या सायकलफेरीचा जो प्राण, वर्गणी, त्यालाच येथे मज्जाव. मग या यात्रेने दिले काय? मला वाटते, तिने गावोगावच्या लोकांना देण्याची संधी दिली. तामिळ मुलखातून निघालेली शंभरावर तरुण पोरे संध्याकाळी एखाद्या गावात शिरतात, त्यांत मराठी आहेत, आणखी कुठकुठले आहेत. आणि त्यांना जेवू घालायचे, निजायला जागा द्यायची, हे त्या गावाला ठरवावे लागते. मोटारींचा ताफा येऊन भाषण देऊन गेला असता तर गावाने टाळ्या वाजवल्या असत्या. सायकलींमुळे गावाला पाणी तापवावे लागले. पंजाबातल्या त्या दिवसांत परक्या पोराला घरात घेणे ही केवळ आतिथ्याची बाब नव्हती, ते एक प्रकारचे मतदान होते.

आमच्या शेजारच्या नाशिकच्या महाजन बंधूंचे उदाहरण याहून अगदी भिन्न. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी जून २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरिलंडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंतचे सुमारे ४८०० किलोमीटर त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापले, आणि ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. संघाच्या नावातच आदिवासींच्या दृष्टीचा उल्लेख होता. हेतू नेत्रसेवेचा होता. एक भाऊ चालवतो तेव्हा दुसरा गाडीत झोपतो, रात्री मागून मोटार उजेड पाडीत येते, खाणेपिणे धावत्या हाताला मिळते. आरंभीच वाळवंट लागते आणि तेथले ऊन आमच्या मे महिन्याची आठवण करून देणारे. येथे पाणी मागावे लागत नाही, ते घड्याळाच्या काट्यावर पुढे येते. या पराक्रमाविषयी मला आदरच आहे. दोनच वर्षांनी, २०१७ त, तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली, त्याविषयी तर आश्चर्यही आहे. परंतु वाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर हे स्वार वाऱ्यासारखे आले आणि गेले. आपल्या नगरच्या ‘स्नेहालय’ संस्थेने २०२१ साली गांधीजयंतीला नोआखलीच्या दिशेने काढलेली सद्भावना सायकल यात्रा या बाबतीत बाबांच्या कुळातली.

सात सराट्यांची हकीकत वर अर्धी सोडली आहे. आठव्याने चाक बसवले तेव्हा दुपारचा एक झाला असेल. बरोबर छागल होती, पण तिच्या किरमिचाला बारीक भोक पडून ती केव्हाच रिकामी झाली होती. सायकल ढकलीत मी एका लिंबाखाली आलो तर तेथे पाणपोई: कुडाच्या आडोशाला ओल्या फडक्याने गुंडाळलेले दोन रांजण, वर लाकडी झाकणे, लांब दांड्याचे एक ओगराळे, आणि शेजारी पोत्यावर बसलेली एक म्हातारी. मी थेट ओगराळ्याला हात घातला, तोच तिने तो अडवला.

“आरं, उन्हातून आल्या आल्या नको पिऊ. बस आधी. हे तोंडात टाक.” तिने पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून दिला. त्याला गोधडीसारखा वास होता. मी बसलो. बऱ्याच वेळाने तिने ओगराळे भरून वरून धार धरली आणि मी ओंजळीने पीत राहिलो. पाणी कोपरांवरून गळून धुळीत खळगा पडला. कुठून आलो, कुठे निघालो, काही तिने विचारले नाही. मी निघायला उठलो आणि आण्या-दोन आण्यांसाठी खिसा चाचपू लागलो, तशी ती हसली आणि पाठीमागच्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणाली, “पैसं कशाला काढतो? त्यो दुसरा रांजण पार खाली गेलाय, तेवढा भरून दे. माझ्यानं आता व्हईना.”

चार हंडे लागले.