काडीमोड, ताबा आणि पोटगी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटापासून थोड्याच अंतरावर, गूजरी महाल उभा आहे. राजा मानसिंह तोमर याने तो मृगनयनी राणीसाठी बांधविला. दंतकथा अशी की, लग्नास होकार देण्यापूर्वी या गुर्जरकन्येने आपल्याला स्वतंत्र महाल व आपल्या राई गावचे पाणी मिळावे अशी अट घातली, आणि राजाने ती मान्य केली. कथेतील खरेखोटे काही असो, लग्नाबरोबर निवाऱ्याचा व निर्वाहाचा प्रश्न जोडलेला असतो, ही जाणीव तीत आहे. सामान्य घरच्या मुलीला अशा अटी घालता येत नाहीत. तिचा संसार मोडला म्हणजे निवारा, निर्वाह आणि मुले हे तिन्ही प्रश्न एकदम पुढे येतात आणि त्यांची उत्तरे कायद्यात शोधावी लागतात.

मराठी भाषेत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे शब्द जुनेच आहेत. पुष्कळ जातींत पंचांसमोर लग्न मोडण्याची चाल होती. ज्यांना पांढरपेशे म्हणतात त्यांच्यात मात्र ही वाट नव्हती. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला सर्वश्रुत आहे. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. 1885 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण 1887 साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, तेव्हा त्या मोकळ्या झाल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या. बडोदे संस्थानाने 1931 साली व मुंबई प्रांताने 1947 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले, आणि 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. रखमाबाई त्या दिवशी हयात होत्या. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांचे निधन झाले.

या कायद्याने रूढीने होणारा काडीमोड रद्द केला नाही. परंतु त्या जातीत तशी रूढी खरोखर चालत आली आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो सांगणाऱ्यावर असते. हा मुद्दा लक्षात न घेतल्याने पुष्कळ घरे फसतात. स्टँपाच्या कागदावर ‘आम्ही परस्परांपासून मोकळे झालो’ असे लिहून, दोघांच्या सह्या घेऊन नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट झाला, अशी समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. रूढीचा आधार नसेल, तर अशा कागदाने लग्न मोडत नाही. त्या भरवशावर केलेले दुसरे लग्न बेकायदेशीर ठरते, आणि पहिल्या जोडीदाराने तक्रार केल्यास तो गुन्हाही होतो. दुसऱ्या लग्नाने आलेल्या स्त्रीची स्थिती तर सर्वांत बिकट होते.

आता एक उदाहरण घेऊ. किला गेटच्या वस्तीतील एक मराठी मुलगी पुण्यास दिली आहे, असे समजा. संसार विस्कटला आणि ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी परतली. पूर्वी घटस्फोटाचा अर्ज लग्न लागले तेथे, प्रतिवादी राहतो तेथे, अथवा दोघे अखेरचे एकत्र राहिले तेथेच करावा लागे. 2003 सालच्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी असेल, तर ती राहते तेथील न्यायालयातही अर्ज चालतो. तेव्हा या मुलीला ग्वाल्हेरच्या कुटुंब न्यायालयात दाद मागता येईल. नवऱ्याने आधीच पुण्यात दावा लावला असल्यास, तो ग्वाल्हेरकडे वर्ग करावा असा अर्ज तिला सर्वोच्च न्यायालयात करता येतो.

कुटुंब न्यायालये 1984 सालच्या कायद्याने स्थापन झाली. घरगुती भांडणे दिवाणी व फौजदारी न्यायालयांच्या रुक्ष वातावरणातून बाहेर काढावीत, हा त्यामागील हेतु होता. येथे न्यायाधीशाचे पहिले कर्तव्य समेटाचा प्रयत्न करणे हे आहे. त्यासाठी समुपदेशकांची मदत घेतली जाते. पक्षकारांपैकी कोणी मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड होते. वकील देणे हा येथे पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. परंतु न्यायालय परवानगी देऊ शकते. निकालावर अपील उच्च न्यायालयाकडे जाते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे खंडपीठ ग्वाल्हेरातच असल्याने त्यासाठी जबलपुरास जावे लागत नाही.

घटस्फोटास कारण लागते. क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षे सोडून जाणे, धर्मांतर, गंभीर मनोविकार ही त्यांतील मुख्य कारणे होत. 1976 साली परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. त्यासाठी दोघे एक वर्ष विभक्त राहिलेले असले पाहिजेत, आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून पुन्हा संमती द्यावी लागते. समेटाची आशा उरली नसेल व पोटगी आणि मुलांचे प्रश्न मिटले असतील, तर हा सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ठरविले. दुसऱ्या अर्जापर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हेही विसरू नये. म्हणून ‘आधी सही कर, पैशांचे मागाहून पाहू’ या बोलण्यावर विसंबणे घातक ठरते. सर्व अटी पहिल्या अर्जातच लिहून घ्याव्यात.

पोटगीचे मार्ग दोन. घटस्फोटाचा दावा चालू असता हिंदू विवाह कायद्याखाली तात्पुरती पोटगी मागता येते आणि निकालाच्या वेळी कायमची ठरविता येते. येथे पतीलाही मागणीचा हक्क आहे. दुसरा मार्ग सर्व धर्मांच्या स्त्रियांना मोकळा आहे. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आला आहे. त्यासाठी घटस्फोटाचा दावा लावावाच लागत नाही. एकेकाळी या कलमाखाली महिना पाचशे रुपयांहून अधिक देता येत नसे. ही मर्यादा 2001 साली गेली. रक्कम थकली तर वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही न दिल्यास तुरुंगवास होऊ शकतो. मात्र थकबाकीसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. भिडेपोटी वाट पाहणाऱ्या कित्येक स्त्रियांची हक्काची रक्कम अशीच बुडते.

मध्य प्रदेशाचा व या कलमाचा संबंध देशभर गाजला आहे. इंदूरच्या शाहबानो यांना प्रथम महिना 25 रुपये पोटगी मिळाली. उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली आणि 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यानंतर 1986 साली वेगळा कायदा झाला व मोठा वाद माजला. अखेर जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुसलमान घटस्फोटितेलाही या सर्वसामान्य कलमाखाली पोटगी मागता येते, असे स्पष्ट केले.

पोटगी किती, हा सर्वांत अवघड प्रश्न होय. मिळकत लपविण्याची युक्ती नवऱ्याला ठाऊक असते, आणि पुष्कळदा बायकोही आपली कमाई सांगत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात पत्नीने 2013 साली अर्ज केला. 2015 साली तिला महिना 15 हजार रुपये तात्पुरती पोटगी मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्यास नोव्हेंबर 2020 उजाडला. अर्जाच्या वेळी तान्हे असलेले मूल तोवर सात वर्षांचे झाले होते. त्या निकालाने देशभरासाठी दोन नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी शपथपत्रावर सांगावीत, आणि पोटगी निकालापासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून धरावी.

मुलाचा ताबा हा आईबापांच्या हारजितीचा विषय नव्हे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो. पण सर्वांत वरचढ कसोटी मुलाच्या हिताचीच आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत वा खेळणीही नव्हेत, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली एका ख्रिस्ती दांपत्याच्या खटल्यात मांडला. आई गरीब आहे एवढ्यावरून तिचा ताबा जात नाही. बापाने पोटगी द्यावी हाच त्यावरील उपाय. मूल समजत्या वयाचे असेल, तर न्यायाधीश त्याला जवळ बसवून त्याची इच्छा विचारतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क मिळतो. परिस्थिती पालटल्यास ताब्याचा हुकूमही बदलता येतो. पालकत्वाविषयी लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 1999 साली महत्त्वाचा निकाल लागला. कायद्यातील ‘बापानंतर आई’ याचा अर्थ बाप मेल्यावर असा नसून, बाप प्रत्यक्ष देखभाल करीत नसेल तेव्हाही आई पालक ठरते, असा लावण्यात आला.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी 1869 चा कायदा आहे. त्यात पतीला व्यभिचार हे एकच कारण पुरत असे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. या विषमतेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली आघात केला, आणि 2001 साली संसदेने दोघांना समान कारणे व परस्परसंमतीचा मार्ग दिला. कॅथलिक धर्मपीठ विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय देऊ शकते. तो धर्माच्या क्षेत्रात मान्य असतो. परंतु त्यामुळे नागरी कायद्यापुढे लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली व पुन्हा 2017 साली सांगितले. चर्चचा कागद हाती असूनही पुनर्विवाहापूर्वी न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावाच लागतो.

लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, बँकेचे व शाळेचे कागद आणि औषधोपचाराच्या पावत्या जपून ठेवणे ही या मार्गावरील पहिली शिदोरी होय. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून कोणा स्त्रीने घरी बसू नये. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. ज्या घराला या माहितीची गरज असते, तेथेच ती लाजेपोटी कोणी विचारीत नाही. शेजाऱ्याने ती आपणहून सांगितली, तर एखाद्या मुलाची शाळा सुटावयाची राहील.