स्लॅबच्या दिवशी पाळणाघर

पाळणाघरांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे डोंबिवली-ठाण्यातल्या काकूंची पाळणाघरं असणार. सकाळी पोराला डब्यासकट सोपवायचं, धावत लोकल गाठायची. मला बघायचं होतं ते बिगारी बाईचं पोर दिवसभर कुठे असतं, ते. म्हणून पुण्यात वाकडच्या पुढे एका अर्धवट टॉवरच्या पार्किंगमध्ये गेले.

पाळणाघराची जागा बिल्डरने दिलेली. तीन बाजूंना पत्रे, खाली सतरंज्या, वर आडव्या पाइपला ओळीने झोळ्या. इथली ताई लातूरकडची. झोळी बांधण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. साडी जुनी आणि सुतीच हवी, सिंथेटिकची गाठ सरकते. साडी दुपदरी करून पाइपवरून घ्यायची, गाठ आवळायची आणि पोर घालण्याआधी आपण दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचं. वर ड्रिलिंग चालू होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि झोळ्यांमधली पोरं गाढ झोपलेली. "आवाज थांबला की उठतात बघा," ताई म्हणाली. चहाच्या सुट्टीत मशीन थांबलं आणि खरंच एकेक झोळी हलायला लागली.

साइटवरच पाळणाघर चालवण्याची सुरुवात दिल्लीची. 1969 साली राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथे मजुरांची मुलं मातीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि साइटवरच तंबू ठोकून पाळणाघर काढलं. गांधींच्या नावाने चाललेल्या कामावरच ही वेळ यावी! त्यातून 'मोबाईल क्रेचेस' ही संस्था उभी राहिली. 1972 मध्ये काम मुंबईत आलं, पुढे पुण्यात. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या साइटवर जातं.

तान्ही, बालवाडीची आणि शाळेच्या वयाची, अशी तिन्ही मुलं एकाच ठिकाणी घेतात. त्यामागचं कारण ताईने एका मुलीकडे बोट दाखवून सांगितलं. सात-आठ वर्षांची असेल. आली तेव्हा कडेवर भाऊ होता आणि तो उतरवायला तयार नव्हती. साइटवरचं खरं पाळणाघर म्हणजे अशी थोरली बहीण. धाकटा झोळीत गेल्याशिवाय तिच्या हातात पाटी येत नाही.

दुपारी डाळ घातलेली मऊ खिचडी, अंडं. नव्या पोराच्या दंडाला ताई कुपोषण मोजायची रंगीत पट्टी लावते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असला की पट्टी लाल दाखवते. अंगावर पिणाऱ्यांच्या आया मुकादमाला विचारून मधे येऊन जातात. मुकादम बरा असेल तर.

पण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटलं ते भिंतीवरचं घड्याळ. पाळणाघर हजेरीच्या आधी उघडतं आणि आया सुटल्यावर बंद होतं. अंगणवाडी दुपारी सुटते, मग आईने पोर कुठे ठेवायचं? एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. 2022 पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं, देशभरात 17,000 ठिकाणी. वेळ दिवसाला साडेसात तास. कागदावर हे पुष्कळ वाटतं. साइटवर नऊ ते सहाच्या कामालाच ते पुरत नाही. आणि स्लॅबचा दिवस असला की काँक्रीट ओतायला घेतलेलं मधे थांबवता येत नाही, रात्रीचे नऊ-दहा वाजतात. त्या दिवशी ताई थांबते. या जास्तीच्या तासांचे पैसे कोण देणार, याचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही.

कायदे आहेत. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली सक्तीची केली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने उपकर आला. बांधकामखर्चाच्या एक टक्का रक्कम कामगार कल्याण मंडळात जमा होते, आणि ती खर्च होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सरकारांना खडसावलं. 2020 च्या संहितेत 'बायका' जाऊन पन्नास 'कामगार' आले. हा बदल मला चांगला वाटतो, मूल बापाचंही असतं. पण आकडा पन्नासचाच राहिला, आणि एकाच टॉवरवर सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, विटकामाचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा. प्रत्येकाकडे तीस-चाळीस माणसं. पन्नास कोणाकडेच भरत नाहीत. त्यात मजूर जोडीने घेतलेले असले की हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते आणि बाई कागदावर उरतच नाही. मग पाळणाघर मिळतं ते एखाद्या बिल्डरच्या मनात आलं आणि संस्थेला देणगीदार सापडला तर.

हा टॉवर दिवाळीपर्यंत पुरा होईल. ताईने रस्त्यापलीकडच्या साइटवर जागा मागून पाहिली. आपल्याकडे कामाला बायका नाहीतच, असं तिथल्या ठेकेदाराने सांगितलं. आम्ही बोलत होतो तेव्हा तिथल्या तिसऱ्या मजल्यावर दोघीजणी घमेली चढवत होत्या.