अग्निबाण रेटतो कशाला?

१९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांचा उपहास केला. निर्वात अवकाशात अग्निबाण रेटणार तरी कशाला, असा त्या पत्राचा आक्षेप होता.

वस्तुतः न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील क्रिया व प्रतिक्रिया ही बले समान व विरुद्ध असली, तरी ती दोन भिन्न वस्तूंवर कार्य करतात. म्हणून ती परस्परांस नाहीशी करीत नाहीत. उदाहरण सोडविताना प्रत्येक बल कोणावर आहे, हे विद्यार्थ्यांनी प्रथम पाहावे. अग्निबाण आपल्या पोटातील तप्त वायू मागे लोटतो, आणि तोच वायू अग्निबाणास पुढे लोटतो. बाहेरच्या हवेचा तेथे उलट अडथळाच होतो.

१७ जुलै १९६९ रोजी, चंद्राकडे माणसे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, पत्राने आपली चूक छापून मान्य केली. गोडार्ड मात्र १९४५ मध्येच निवर्तले होते.