रुपयावरची रेघ : टांकसाळीची चूक की वापराची खूण?

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर पडत होतो, तोच वस्तीतील एक वयस्कर बांधव जवळ आले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक रुपया आमच्या हातावर ठेवला. परमपूज्य बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले १९९० सालाचे ते नाणे. बाबासाहेबांच्या गालावरून एक आडवी रेघ गेली होती. हे टांकसाळीत चुकलेले दुर्मिळ नाणे आहे, याचे दोन लाख मिळतील, असे त्यांना मोबाइलवर कुणीतरी कळविले होते. मात्र आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरायचे होते. त्यासाठी घरच्यांनी बचत गटातून उचल घ्यायचे ठरविलेही होते.

"भाऊ, भरू का पैसे?" त्यांनी विचारले.

"बाबा, आधी रेघ तर पाहू," आम्ही म्हणालो.

अशी विचारणा आता घरोघरी होऊ लागली आहे, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटतो. नाणे कसे तयार होते हे एकदा समजले की निम्मा उलगडा तेथेच होतो. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उचलून घेतात आणि मग दोन ठशांमध्ये चकती दाबतात. या तीन कामांत जी चूक होते तीच टांकसाळीची चूक. नाणे बाहेर पडल्यावर जे घडते ते सारे नुकसान, मग ते कितीही विचित्र दिसो.

आता रेघेचेच घ्या. ठसा वापरून वापरून तडकतो. दाब पडला की त्या तडीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठावदार येते. ओरखडा मात्र खोल जातो आणि त्याच्या दोन्ही काठांना सरलेला धातू दिसतो. नखाने चाचपून आणि भिंगातून पाहून हा फरक कळतो.

चकती ठशाखाली सरकली, तर चित्र एका बाजूला जाते आणि दुसरीकडे कोरी कोर उरते. झिजलेल्या नाण्याचे तसे नसते. त्यावर सर्वांत उंच भाग आधी पुसट होतात.

कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल, तर पट्टीतील आधीच्या भोकावर कापणी पडलेली असू शकते. अशा वेळी बरोबर समोरची कडही बहुधा अशक्त दिसते. कानशीने वा पकडीने कापलेल्या जागी मात्र धार, ओरखडे आणि ताजी चकाकी दिसते.

संग्राहक ज्याला 'लाखी' म्हणतात, त्यात आधीचे नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याच बाजूचे उलटे, खोलगट चित्र उमटते. दोन नाणी शिकंज्यात दाबून याची नक्कल करतात, परंतु त्यात मूळचे चित्र चेपलेले सापडते. रेल्वेच्या रुळावर चपटे केलेले, आम्लात बुडवून पातळ केलेले किंवा गळ्यात घालण्यासाठी कडी जोडलेले नाणेही चुकीचे नाणे नव्हे.

सालाखालची बारीक खूण पाहूनही अनेकजण फसतात. चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. ती टांकसाळीची ओळख आहे, दोष नव्हे.

समजा, चूक खरीच निघाली. तरी तिची किंमत घेणारा ठरवितो. खरा घेणारा नाणे हातात घेऊन पाहतो आणि पैसे देतो, आपल्याकडून आधी मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारावर शुल्क, कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, हेही तिने स्पष्ट केले. नाणे चिंचेने वा राखेने घासू नये, त्याने उरलेली किंमतही जाते.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली लंडनमध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपयाची इतकी कसून तपासणी करणाऱ्या महामानवाचे अनुयायी असलेल्या आपण, एका निरोपावर विश्वास ठेवून घरातला रुपया घालवावा काय? केवळ ऐकले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते नाण्यालाही लागू आहे.

विहाराच्या पायरीवर बसून आम्ही भिंगातून ती रेघ पाहिली. ती खोल होती आणि काठांना धातू सरकलेला होता. बाबांनीही स्वतः नख फिरवून पाहिले.

"म्हणजे हा रुपयाच म्हणायचा," ते म्हणाले.

"रुपयाच, बाबा."

ते थोडे हिरमुसले. मग त्यांनी नाणे पुन्हा रुमालात बांधले आणि बचत गटाच्या ताईंना उचल नको म्हणून सांगायला निघाले. साडेतीन हजार रुपये वाचले. ते रुपये मात्र खरे होते.

जय भीम!