आजोबांची चकमक आणि बिदरी हुक्का

आजचे माझे भाषण धूम्रपानाविषयी नसून धूम्रपानाच्या साधनांविषयी आहे. तंबाखू देहाचा घात करते, हे आता सर्वमान्य आहे. मी स्वतः ती कधी ओढली नाही. परंतु व्यसन निंद्य ठरले म्हणून त्याच्या निमित्ताने घडलेली कारागिरीही मोडीत घालावी काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

घाटनांदुरास आमच्या आजोबांच्या चंचीत एक चकमक असे. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि चिमूटभर कापूस, एवढाच तिचा संसार. माझ्या छोट्या संग्रहात तिच्याशेजारी एक जुना विलायती लायटर आहे. दोन्ही पाहून लोक म्हणतात, "तत्त्व एकच!" वस्तुतः ते उलटे आहे. चकमकीत कठीण गारगोटी पोलादाचा सूक्ष्म कण खरवडते आणि तो कण हवेत पेटतो. लायटरमध्ये पोलादी चाक खड्याला खरवडते आणि ठिणगी पडते ती खड्याची. हा खडा गारगोटी नव्हेच. सीरियमादी धातू व लोखंड यांचा तो मिश्रधातू असून, ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १९२० नंतरच्या दशकात लंडनच्या डनहिल पेढीने एका हाताने पेटणारे, सोन्याचांदीने मढविलेले लायटर काढले. त्यांचे मोल केवळ सोन्यात नाही. या लहानशा खड्यातही आहे.

न समजता वस्तू हाताळली म्हणजे काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या घरी बिदरी हुक्क्याचे पाणी भरावयाचे पात्र होते. जस्तात थोडे तांबे मिसळून ते ओतलेले, त्यावर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. तरुणपणी एका दिवाळीस मी ते राख व चिंच लावून घासले. काळेपणा मला मळ वाटला! बिदरच्या जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या योगाने कारागीर तो काळा रंग मुद्दाम चढवितात. मिश्रधातू काळवंडतो, चांदी शुभ्र राहते, आणि म्हणूनच नक्षी उठून दिसते, हे मला फार मागाहून कळले. आजोबा पात्राकडे पाहून इतकेच म्हणाले, "बाळ, रात्र पुसलीस, आता चांदण्या कशावर दिसणार?"

म्हणून सांगतो, घरात अशी वस्तू असेल तर प्रथम ती ओळखा, मग फडके हाती घ्या. बिदरी केवळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी. लायटर ठेवून द्यावयाचा असल्यास त्यातील पेट्रोल व खडा काढून ठेवावा. जुना खडा फुगून नळीत अडकतो. आणि वस्तू कोणाची, कोठून आली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवावे.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते यांसारख्या घरगुती वस्तूच आयुष्यभर जमविल्या व १९६२ साली आपला संग्रह शासनास अर्पण केला. आपणांस तेवढे साधणार नाही. परंतु मोडवाला दारात वजनकाटा लावील, तेव्हा क्षणभर थांबणे आपल्याही हाती आहे.