स्वस्त वैमानिकाचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानातील यंत्राविषयी लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांना जरा आगाऊपणाचे वाटेल. पण या यंत्राच्या किमतीचा विचार केला, तर विषय आमच्याही शाखेचा आहे हे त्यांना पटावे. माणसाचा हात न लागता विमान तोलून धरणारे व ठरल्या वाटेने नेणारे यंत्र म्हणजे ऑटोपायलट. एके काळी ते विमान कंपन्यांना आणि लष्करालाच परवडत असे. आज तेच काम करणारा काड्यापेटीएवढा सर्किट बोर्ड, छंद म्हणून छोटी विमाने उडवणारा विद्यार्थी काही हजार रुपयांत घेऊ शकतो. मग बाकीचा खर्च कोणाच्या नावे पडला? जमा आहे तिथे कुठेतरी नावे असलेच पाहिजे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. प्रस्तुत लेखात या स्वस्त वैमानिकाचे काम आणि त्याचा जमाखर्च, दोन्ही पाहू.

कल्पना जुनी आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने विमान उडवता उडवता दोन्ही हात वर केले. त्याचा सोबती पंखावर चालत गेला, तरी विमान कलंडले नाही. वेगाने फिरणारी जड चाके, म्हणजे जायरोस्कोप, विमानाचा तोल राखत होती. आजच्या छोट्या यंत्राचे काम तेच आहे. फक्त जड चाकांची जागा तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या चिपने घेतली आहे.

हवेतील विमान तीन प्रकारे हलते: ते डाव्या-उजव्या पंखावर कलते, त्याचे नाक वर-खाली होते, आणि नाक डावी-उजवीकडे वळते. ही प्रत्येक हालचाल किती वेगाने होते आहे, ते चिपमधील जायरो सांगतो. 'सेकंदाला पाच अंश या वेगाने दोन सेकंद कललो, म्हणजे दहा अंश कललो', अशी बेरीज यंत्र करत राहते. अडचण अशी की जायरोच्या प्रत्येक मापात किंचित चूक असते, आणि बेरजेबरोबर चूकही साठत जाते. काही मिनिटांत सरळ उडणारे विमान आपण कललो आहोत असे समजू लागते.

दुसरे माप अ‍ॅक्सेलरोमीटरचे. पृथ्वीची ओढ कोणत्या दिशेला आहे हे तो सांगतो, म्हणजे 'खाली' कुठे ते कळते. त्याची चूक साठत नाही, पण इंजिनाच्या थरथरीने त्याचे प्रत्येक माप थोडे हलते. वळणावर तर तो साफ फसतो. चोर्ला घाटात बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला रेलतो आणि क्षणभर 'खाली' तिकडेच आहे असे वाटते, तसेच त्याचे होते.

म्हणजे दोन कारकून आहेत आणि दोघेही अर्धवट भरवशाचे आहेत. यावरचा उपाय वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. जायरो म्हणजे रोजकीर्द लिहिणारा: चपळ, पण बारीक चूक पुढे ओढत नेणारा. अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे गल्ल्यातील रोकड मोजणारा: दर मोजणीत थोडा इकडे-तिकडे, पण शेवटी वस्तुस्थितीला धरून. यंत्र दर सेकंदाला अनेक वेळा वहीतील शिल्लक खरी धरते आणि तिला मोजलेल्या रोकडीकडे किंचित सरकवते. सर्वांत साध्या पद्धतीत जायरोला शंभरात अठ्ठ्याण्णव आणि अ‍ॅक्सेलरोमीटरला दोन, असे काहीसे वजन देतात. बँकेच्या पासबुकाशी आपली वही जुळवून पाहावी, तसाच हा प्रकार. आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत म्हणायचे तर 'लेक्क सरी' होईपर्यंत मेळ घालायचा.

विमान किती कलले ते कळले की पुढचे काम सुधारणेचे. यंत्र तीन गोष्टी पाहते: आत्ताची चूक किती, आजवर साठलेली चूक किती, आणि चूक किती वेगाने वाढते किंवा घटते आहे. तिघांना ठरावीक वजन देऊन बेरीज करते आणि तेवढा हुकूम सर्व्होला, म्हणजे पंखाची झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरला, देते. पहिल्याचे वजन जास्त झाले तर विमान डावी-उजवीकडे हेलकावत राहते. कमी झाले तर सुस्तपणे सावरते. ही वजने जुळवण्यातच छंदिष्टाचे पुष्कळसे कसब खर्च होते.

उंचीसाठी वायुदाब मोजतात. आपल्याइथल्या उंचीवर साधारण नऊ मीटर वर गेले की दाब एक मिलिबारने घटतो, आणि चिप याच्या लहान अंशाइतकाही फरक ओळखते. जागा कळते जी.पी.एस.वरून. 'त्या झाडाकडे जायचे' हे जी.पी.एस.च्या आधारे वरचा हिशोब ठरवतो. त्यासाठी पंख किती कलवायचा ते तो खालच्या हिशोबाला सांगतो. वरिष्ठाने दिशा द्यावी आणि हाताखालच्याने तोल सांभाळावा, अशी ही वाटणी आहे.

आता जमाखर्चाकडे वळू. ही चिप छंदिष्टांसाठी कोणी बनवली नाही. १९९० च्या दशकात मोटारींतील एअरबॅग नेमकी धडकेच्या क्षणी उघडावी म्हणून छोटे अ‍ॅक्सेलरोमीटर मोठ्या संख्येने बनू लागले. २००६ मध्ये आलेल्या 'वी' या खेळयंत्राने ते मुलांच्या हातात दिले. २०१० च्या आयफोन ४ मध्ये जायरोही आला आणि मग फोनमागे एक अशी ही चिप बनू लागली. संशोधनाचा आणि कारखान्याचा स्थिर खर्च कोट्यवधी नगांवर वाटला गेला. जी.पी.एस.चे उपग्रह अमेरिकेच्या करदात्यांच्या पैशातून उडाले; मे २००० मध्ये तेथील सरकारने नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हा कुठे शंभर मीटरची अनिश्चितता दहा-वीस मीटरवर आली.

राहिला प्रोग्राम. फ्रान्समध्ये तुलूझ येथील नागरी विमानविद्येच्या संस्थेत २००३ मध्ये 'पापाराझ्झी' नावाचा सर्वांना खुला ऑटोपायलट सुरू झाला. २००७ मध्ये अमेरिकेतील संपादक क्रिस अँडरसन यांनी मुलांच्या लेगो यंत्रसंचातून ऑटोपायलट उभा करून पाहिला. त्याच सुमारास जॉर्डी मुन्योज हा मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात आलेला वीस-एकवीस वर्षांचा तरुण, रहिवासाची कागदपत्रे होईपर्यंत हाती काम नसताना, 'वी'च्या दांड्यातील चिप काढून खेळातले हेलिकॉप्टर स्थिर करण्याच्या खटपटीत होता. अँडरसन यांनी त्याला पाचशे डॉलरचा चेक पाठवला. २००९ मध्ये दोघांनी कंपनी काढली, आणि 'आर्डूपायलट'चा पहिला बोर्ड सुमारे पंचवीस डॉलरला विकला गेला. त्या वेळी तोल मोजायला उष्णता ओळखणारे डोळे लावत: आकाश थंड, जमीन उबदार; ज्या बाजूला उबदार जास्त दिसेल ती बाजू खाली कलली आहे. बर्फाच्छादित डोंगरांत ही युक्ती फसे, पण स्वस्त होती.

त्या कंपनीने पुढे चिनी स्पर्धेपुढे टिकाव न लागल्याने २०१६ मध्ये ड्रोन बनवणे थांबवले. एरव्ही दुकान बंद झाले की मालही संपतो. इथे प्रोग्राम टिकला, कारण त्याचा परवानाच असा आहे की कोणीही तो घ्यावा, बदलावा, आणि बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याचा मजकूरही खुला ठेवावा. देशोदेशींच्या माणसांनी तो लिहिला. त्यांतल्या अनेकांनी फावल्या वेळात. ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या हौशी गटाने २०१४ मध्ये याच प्रोग्रामच्या जोरावर, माळरानात हरवलेल्या बनावट प्रवाशाला विमानाने शोधून पाण्याची बाटली टाकण्याची स्पर्धा जिंकली.

याच खात्यात दुसरी नोंदही आहे. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियाच्या विमानतळांवर ड्रोनचा हल्ला केला. त्यात आर्डूपायलट वापरल्याचे वृत्तपत्रांनी नमूद केले. आर्डूपायलटच्या कार्यकर्त्यांच्या आचारसंहितेत शस्त्रे बनवण्यास जाणूनबुजून साहाय्य करणार नाही असे कलम आहे. परंतु सर्वांना दिलेली वस्तू कोणी कशी वापरावी, यावर देणाऱ्याचा ताबा राहत नाही. पाण्याची बाटली आणि बॉम्ब या दोन्ही नोंदींचे पान एकच आहे. देणगी देणाऱ्यांनी हा धोका पत्करलेला आहे, हे घेणाऱ्याने विसरू नये.

म्हणून घेणाऱ्याच्या नावेही काही रक्कम पडतेच. ती वेळेत आणि काळजीत भरायची असते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने आधी घरच्या संगणकावर आर्डूपायलटचे काल्पनिक विमान उडवावे; ते फुकट आहे आणि कितीही वेळा आपटले तरी चालते. मग फोमचे विमान हाताने उडवायला शिकावे. हाताने ज्याला उतरवता येत नाही, त्याने यंत्राच्या हवाली करू नये. त्यानंतर फक्त तोल राखणारी पद्धत, आणि शेवटी ठरल्या वाटेचे उड्डाण. रेडिओचा संबंध तुटला तर विमानाने परत फिरावे ही तरतूद जमिनीवरच तपासून पाहावी, आणि कोणत्याही क्षणी हाताने ताबा घेण्याचे बटण बोटाखाली असावे. भारतात २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. कुठे उडवता येते आणि कुठे नाही याचा लाल, पिवळा, हिरवा नकाशा सरकारने दिला आहे. जवळ सांबऱ्याचा विमानतळ आणि गावात लष्कराची छावणी असलेल्या बेळगावात तर तो पाहिल्याशिवाय विमान पेटीबाहेरही काढू नये.

स्वस्त म्हणजे फुकट नव्हे, एवढेच हा ताळेबंद सांगतो. मोटारी विकत घेणाऱ्यांनी, फोन वापरणाऱ्यांनी, परदेशी करदात्यांनी आणि रात्री जागून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपल्या वतीने मोठा हप्ता भरून ठेवला आहे. उरलेला लहान हप्ता आपला: शिकण्याचा, सावधपणाचा, आणि जमलेच तर त्या सामायिक प्रोग्राममध्ये एखादी दुरुस्ती परत जमा करण्याचा. आपल्या महाविद्यालयात विज्ञानाचे विद्यार्थी यंत्र जोडतील, वाणिज्याचे हिशोब ठेवतील, आणि सूचना मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहिल्या जातील, असे एखादे मंडळ निघाले तर तो हप्ता कोणालाच जड जाणार नाही.